बॅकअप आहे ना!

‘रविवारी नक्की येतो’ म्हणणाऱ्या प्लंबरपेक्षा ‘काळजी नको, बॅकअप आहे’ म्हणणारा माणूस अधिक घातक. प्लंबरला निदान आपण थाप मारतोय हे ठाऊक असतं. हा बिचारा मनापासून बोलतो!

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीचा संगणक एका रात्री निवर्तला. सेक्रेटरी निश्चिंत. रोज सातच्या ठोक्याला बॅकअप होतच होता. तो नव्या संगणकात भरला, तर तळमजल्यावरच्या आजींनी आदल्याच संध्याकाळी भरलेल्या तीन महिन्यांच्या पावत्या गायब! आजी थकबाकीदार. नोटीससुद्धा टाइप झाली.

“अहो, मी जन्मात वाण्याची उधारी ठेवली नाही हो,” आजी म्हणाल्या. आवाज कापत होता.

झालं होतं एवढंच. बॅकअपने आधी ‘जमा’ फोल्डर उतरवला आणि मग तो ‘नवीन’कडे वळला. नेमक्या त्याच वेळी खजिनदारांनी पावत्या ‘नवीन’मधून ‘जमा’त हलवल्या. त्या ना इथे सापडल्या, ना तिथे. डोंबिवली स्टेशनावर एक नंबरची माणसं मोजून दोन नंबरवर जावं, तेवढ्यात ‘गाडी एक नंबरवर येईल’ अशी घोषणा व्हावी आणि अख्खी गर्दी पुलावरून पळावी, तसं. तुमच्या हिशेबी डोंबिवली रिकामी!

हे काही नवं शहाणपण नव्हे. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी 2001 सालीच चालू डिस्कवर ‘डम्प’ प्रोग्रॅम वापरू नका, असं बजावलं होतं. ताजा मजकूर अजून मेमरीतच असतो आणि डम्प वाचतो थेट डिस्क. उपायही जुनाच: आधी त्या क्षणाचा फोटो काढायचा, मग सावकाश फोटोवरून नक्कल करायची. लिनक्समध्ये त्याला स्नॅपशॉट म्हणतात, विंडोजमध्ये शॅडो कॉपी. तेही जमत नसेल, तर खजिनदारांना चहाला पाठवा आणि मग बॅकअप घ्या.

पण माझं खरं भांडण वेगळंच आहे. बॅकअप घेणारे पुष्कळ. तो महिन्यातून एकदा रिकाम्या फोल्डरात परत भरून फायली मोजणारा एक तरी दाखवा! नक्कल करताना अमुक फाइल सापडली नाही, अशी तक्रार प्रोग्रॅम बहुधा लिहूनही ठेवतो. ती वाचतो कोण? आणि वर नोटीस मात्र आजींना!

शेवटी आजींनी पोथीतून कागदी पावती काढली. पहिल्याच प्रयत्नात.

सोसायटीचा बॅकअप आता आजींकडे द्यावा, असा ठराव मी मांडणार आहे.