सहलीला जाण्यापूर्वी आजीला विचारा



दिवाळीनंतर शाळा-कॉलेजांच्या सहली निघतात. आपली मुलेही जातात. म्हणून या वेळी खताबियाण्यांचा विषय बाजूला ठेवून थोडे वेगळे सांगतो.

आमच्या भागातील अकरावीची एक विद्यार्थिनी भोपाळचे मानव संग्रहालय पाहून आली. इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालय हे त्याचे पूर्ण नाव. 1977 साली दिल्लीत त्याची स्थापना झाली आणि 1979 साली ते भोपाळला आले. मोठ्या तलावाकाठी, श्यामला टेकडीवर सुमारे 200 एकरांत ते पसरले आहे. तेथे राजेराण्यांचे दागिने मांडलेले नाहीत; माणूस राहतो कसा, खातो काय, पिकवतो काय, हे दाखविले आहे. देशभरातील आदिवासींनी स्वतः येऊन आपापल्या पद्धतीची घरे उघड्यावर बांधली आहेत. आपल्या वारली बांधवांचे घरही त्यात आहे.

परत आल्यावर ती म्हणाली, "काका, पाट्यांवर वस्तूचे नाव असते, गाव असते. पण ती वापरायची कशी, ते पाटीवरून कळत नाही."

पोरीने नेमके बोट ठेवले. आपली तिफणच घ्या. फण, नळ्या, चाडे, दांडी यांची नावे पाटीवर लिहिता येतील. पण रब्बी ज्वारीचे एकरी 4 किलो बी रानभर सारखे पडावे म्हणून चाड्यावरची मूठ किती सैल सोडायची, बैल हिसका देऊन पुढे गेला की ती कशी आवळायची, हे कोणत्या पाटीवर लिहिणार? ती विद्या आपल्या आया-बहिणींच्या हातात आहे. आता पेरणी ट्रॅक्टरने होते. ट्रॅक्टर वाईट नाही. वेळेवर वाफसा साधतो. पण हात थांबले की विद्याही थांबते.

त्या मुलीच्या घरची तिफण दोन वर्षांपूर्वीच सरपणात गेली होती. आजी मात्र होती. ओसरीवर बसून तिने मूठभर ज्वारी घेतली आणि सुपात धार सोडून दाखविली. नातीला तीनदा करूनही ती धार जमली नाही!

तेव्हा एवढे करा. मूल सहलीला निघण्यापूर्वी एका संध्याकाळी त्याला वही घेऊन घरातील वडीलधाऱ्यांजवळ बसवा. माळ्यावरची एकेक वस्तू खाली काढा: पायली, कणगी, मोटेचे चाक, जाते. प्रत्येकीविषयी चार प्रश्न विचारू द्या. नाव काय? कोणत्या लाकडाची वा कशाची? कोणी घडविली? कोण वापरी आणि कशी? उत्तरे आजीच्याच शब्दांत लिहावीत, पुस्तकी करू नयेत. मोबाइल असेल तर तिचे हात चालताना टिपून ठेवा. वस्तूला नावाची चिठ्ठी बांधा आणि मोडीत देण्याआधी शाळेत विचारा. एखादा कोपरा गुरुजी नक्की देतील.

असे मूल संग्रहालयात गेले की नुसते फिरून येत नाही, प्रश्न विचारते. भोपाळ दूर वाटत असेल, तर पुण्यात आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे संग्रहालय आहे, राजा केळकर संग्रहालय आहे.

वस्तू पुढच्या वर्षीही माळ्यावर असेल. ती चालविणारे हात ऐंशीच्या घरात आहेत. वही आजच काढा.