चावी घरात, गाडी पसार

परवा बोईसरला गाडी बघायला गेलो. सेल्समन म्हणाला, "सर, चावी खिशातून काढायचीच नाही!" मी विचारलं, चावीचा सिग्नल कुणी लांबवर पोचवला तर? तर म्हणे, "एन्क्रिप्टेड आहे सर." झालं!

अहो, एन्क्रिप्शन तोडायचंय कुणाला? गाडी साधारण १२५ किलोहर्ट्झवर हाक मारते, जवळची चावी ओ देते. चोर दोन असतात. एक गाडीपाशी, दुसरा आपल्या दाराबाहेर. आणि इकडे पालघर-बोईसरला चावी कुठे असते? दाराशेजारच्या खिळ्याला. दोघांची यंत्रं हाक आत पोचवतात. कोड खरा, उत्तर खरं, खोटं फक्त अंतर.

२०११ मध्ये झुरिचच्या ईटीएचमधल्या संशोधकांनी ८ कंपन्यांची १० मॉडेल्स तपासली. दहाच्या दहा फसली. उपाय तर ब्रँड्स आणि चॉम यांनी १९९३ मध्येच मांडलेला: उत्तराला किती वेळ लागला ते मोजा. रेडिओलहर एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जाते, लांबची चावी लपणार कशी? यूडब्ल्यूबी चिप हेच करते, महागड्या गाड्यांत ती आलीही. तारापूर एमआयडीसीत रात्रपाळ्या करून गाडी घेणाऱ्याला मात्र सल्ला, चावी स्टीलच्या डब्यात ठेवा! म्हणजे लाखो रुपये मोजून डबा आपलाच. (मीही ठेवीन म्हणा, झाकण घट्ट लावून.)

आमच्याकडे असा बग उघडा राहिला तर रात्री दोनला फोन येतो. यांना कुणी फोन करत नाही, कारण शोरूममध्ये आपण विचारतो सनरूफबद्दल. आधी विचारा: चावीचं अंतर मोजता की नुसता सिग्नल बघता? आणि हे कीलेस प्रकरण बंद करता येतं का?