मुंडक्यांचे परवाने

गेंडा वाचवायचा असेल तर त्याचे मुंडके आयात करा, असा अजब शोध अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव सेवेने लावला आहे आणि त्यावर सरकारी शिक्काही उठवला आहे! जानेवारी २०१४ मध्ये डॅलस सफारी क्लबने नामिबियातला एक काळा गेंडा मारण्याचा हक्क लिलावात काढला. बोली साडेतीन लाख डॉलरवर थांबली. मार्च २०१५ मध्ये त्या खात्याने आयातीचा परवाना दिला. मे महिन्यात गोळी सुटली. हा क्रम नीट पाहा. आधी कागद, मग गोळी! मुंडके घरी नेता येईल, याची हमी मिळाल्याशिवाय शिकारी रानात उतरलाच नाही. मग चाप एकट्या त्यानेच ओढला, असे कोणी म्हणावे?

अमेरिकेचा १९७३ चा संकटग्रस्त प्रजाती कायदा काही दुबळा नाही. प्रजाती टिकायला मदत होत असेल तरच परवाना द्या, असे तो बजावतो. या अटीचे अधिकाऱ्यांनी काय केले? देणगीची पावती जोडली की प्रजातीला मदत झाली! म्हातारा नर तरुण नरांना जगू देत नाही, म्हणून तो गेलेला बरा, असेही सांगितले गेले. असेल तसे. पण मग त्याला मारण्याचा निर्णय नामिबियाच्या वनरक्षकांचा. त्याचे डोके टेक्सासात पोचल्याने कोणत्या गेंडीला पिल्लू होते? १९७० च्या सुमारास आफ्रिकेत पासष्ट हजार काळे गेंडे होते, नव्वदीच्या दशकात ते अडीच हजारांच्याही खाली आले. अशा प्राण्याचा लिलाव होतो, आणि त्याला संवर्धन म्हणायचे!

हत्तींच्या बाबतीत तर निर्लज्जपणाची हद्द झाली. २००७ ते २०१४ या काळात आफ्रिकेतल्या सॅव्हाना हत्तींची संख्या तीस टक्क्यांनी घटल्याचे महागणनेने २०१६ मध्ये दाखवून दिले. तरी नोव्हेंबर २०१७ मध्ये झिम्बाब्वे आणि झांबियातल्या हत्तींच्या ट्रॉफींना अमेरिकेने दार उघडले. ओरड झाली, तेव्हा खुद्द ट्रम्प यांनी निर्णय थांबवल्याचे ट्विटरवर जाहीर केले. (ज्यांच्या थोरल्या चिरंजीवांचा कापलेली हत्तीची शेपटी हातात धरलेला फोटो जगाने पाहिला, त्या घरातून ही दया आली, याचेच लोकांना नवल वाटले.) ती दया मार्च २०१८ मध्ये संपली. एखाद्या देशातल्या सगळ्या ट्रॉफींना एकदम लागू होणारा देशवार निर्णय घेण्याआधी जनतेचे म्हणणे ऐकायला हवे होते, असे अमेरिकी न्यायालयाने बजावले होते. खात्याने काय केले? देशवार निर्णयच गुंडाळले आणि एकेक अर्ज आपल्या टेबलावर निकालात काढायचे ठरवले. जनतेला विचारावे लागू नये म्हणून शोधलेली ही पळवाट आहे!

दुसऱ्या बाजूचे एक म्हणणे आम्ही झटकून टाकत नाही. नामिबियातल्या किंवा बोट्स्वानातल्या ज्या शेतकऱ्याचे पीक हत्ती एका रात्रीत तुडवतो, त्याला दूरच्या शहरातल्या प्राणिप्रेमाने पोट भरता येत नाही. शिकारीचा पैसा काही गावांना मिळतोही. पण तो पैसा त्या गावांचा हक्क असेल, तर मुंडके न मागता द्या की! साडेतीन लाख डॉलरचा धनादेश फाडायला बंदूक कशाला लागते? आमच्या संस्थानिकांच्या वाड्यांतही भुसा भरलेले वाघ आहेत. त्या मर्दुमकीची फळे आम्ही भोगली आहेत. म्हणून तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तसले कातडे नुसते जवळ बाळगायलाही आमच्याकडे सरकारी दाखला लागतो.

आमची मागणी साधी आहे. हत्ती असो वा सिंह, प्रत्येक अर्ज गोळी सुटण्याआधी जाहीर छापा. त्यावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव छापा. देणगीतला किती पैसा कोणत्या गावात पोचला, त्याचा हिशेब मांडा. हे जमत नसेल, तर ते परवान्याचे टेबल आजच्या आज बंद करा!