आधी वारा मोजा

साताऱ्याजवळ चाळकेवाडी आणि वनकुसवड्याच्या पठारांवर पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या राहून पाव शतक होत आले. त्यांची वीज ग्रीडमध्ये जाते. पूर्वेकडच्या माण-खटावमधल्या शेतकऱ्याला मात्र वर्षानुवर्षे कृषिपंपासाठी चक्राकार पद्धतीने कधी दिवसा, कधी रात्री वीज मिळत आली. ऐन थंडीत मध्यरात्री हातात विजेरी घेऊन दारे धरायला जाणाऱ्या माणसाला ‘आपल्याच बांधावर छोटी पवनचक्की बसवली तर?’ असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. या प्रश्नाला जाहिरातबाजीने नव्हे, हिशेबाने उत्तर मिळायला हवे.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली ऊर्जा आठपट होते. पाच मीटर व्यासाची चक्की ताशी १८ किलोमीटर वाऱ्यात जेमतेम अर्धा किलोवॉट वीज देते. तीच ताशी ३६ किलोमीटरला साडेतीन किलोवॉटपर्यंत जाते. पाच अश्वशक्तीच्या पंपाला लागतात पावणेचार. म्हणजे वारा थोडा कमी पडला तरी सगळे गणित कोसळते. घराच्या गच्चीवर किंवा आमराईच्या आडोशाला उभारलेली चक्की म्हणूनच निराशा पदरी टाकते. पाचशे फुटांच्या परिघातल्या सर्वात उंच झाडापेक्षा पात्याचे खालचे टोक तीसेक फूट वर हवे, आणि तेवढ्या मनोऱ्याचा खर्च विक्रेते शेवटी सांगतात.

दुसरी अडचण ऋतूची. आपल्याकडचा बहुतांश वारा मे ते सप्टेंबरमध्ये वाहतो आणि पंप सर्वाधिक चालतो रब्बीत व उन्हाळ्यात. कोकणात किंवा घाटमाथ्यावर पावसाळ्यातली ही वीज शेताच्या कामाची नाही. पण सह्याद्री ओलांडताना नैर्ऋत्येचा वारा पाऊस मागे टाकतो आणि जोर घेऊनच पुढे येतो. माण, खटाव, जत, कवठेमहांकाळ या अवर्षणप्रवण तालुक्यांत जुलै-ऑगस्टमध्ये आभाळ भरलेले, वारा सुसाट आणि पावसाचा मात्र खंड, हे चित्र नवे नाही. त्या दिवसांत ढगांमुळे सौरपंप मंदावतो. शेततळ्यातले एखादे संरक्षित पाणी तेव्हा बाजरी, मूग वाचवू शकते. छोट्या पवनचक्कीची खरी जागा इथे आहे, सौर पॅनेलच्या जोडीला. सरसकट राज्यभर ती वाटणे हा पैशाचा अपव्यय ठरेल.

हा इशारा अनुभवातून आलेला आहे. १९८० च्या दशकात केंद्र सरकारने देशभर पाणी उपसणाऱ्या, बारा पात्यांच्या पवनचक्क्या अनुदानावर उभारल्या. देखभालीअभावी त्यातल्या अनेक गंजून बंद पडल्या. यंत्र बसवले की योजना यशस्वी, अशी मोजणी तेव्हा झाली आणि आजही होते.

ती बदलावी लागेल. राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेचे नकाशे मोठ्या चक्क्यांसाठी म्हणजे ५० ते १५० मीटर उंचीवरच्या वाऱ्याचे आहेत. शेतातली चक्की उभी राहते वीसेक मीटरवर. महाऊर्जा या राज्याच्या ऊर्जा विकास संस्थेने वरील तालुक्यांत या उंचीवर किमान वर्षभर वारा मोजावा आणि गावनिहाय आकडे जाहीर करावेत. दुरुस्तीचे प्रशिक्षण त्याच तालुक्यांतल्या आयटीआयमध्ये द्यावे, कारण बेअरिंग बदलायला पुण्याहून माणूस यायची वाट पाहत पीक थांबत नाही. अनुदानाचा मोठा हिस्सा यंत्राच्या क्षमतेवर न देता प्रत्यक्ष निर्माण झालेल्या युनिटांवर द्यावा.

शिल्लक विजेचा प्रश्नही उरतो. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना २०२४ पासून वीज मोफत असल्याने बिलातून वजावट देण्याला या शेतकऱ्यांच्या दृष्टीने काहीच अर्थ नाही. पावसाळ्यात जेवढी युनिटे शेतकरी ग्रीडला देईल, तेवढ्यांचे रोख पैसे महावितरणने ठरलेल्या दराने, रब्बीच्या पेरणीपूर्वी त्याच्या खात्यात जमा करावेत.