संस्थेचा ई-मेल : पत्ता संशोधकाचा, चावी संस्थेची

'रेस डॉट इन' आणि 'एसी डॉट इन' ही डोमेन नावे 'अर्नेट' ही सरकारी यंत्रणा शिक्षण व संशोधन संस्थांनाच देते. त्यामुळे असा ई-मेल पत्ता हीच संशोधकाची पहिली ओळख ठरते.

खाते कसे मिळते?
साधारणपणे विभागप्रमुख किंवा मार्गदर्शकाच्या सहीचा अर्ज संगणक केंद्राकडे द्यावा लागतो. मिळालेला तात्पुरता पासवर्ड लगेच बदलावा, दुहेरी पडताळणी सुरू करावी.

मोबाइलवर कसे जोडावे?
सर्व्हरचे नाव संगणक केंद्राकडूनच घ्यावे. 'आयमॅप'साठी सहसा ९९३ हा पोर्ट असतो. कॅम्पसबाहेर काही ठिकाणी व्हीपीएन लागते. पासवर्ड मागणारा मेल कोणाच्याही नावाने आला, तरी उत्तर देऊ नये.

संस्था सोडल्यावर?
खरी अडचण इथेच आहे. खाते बंद होते. शोधनिबंधावर मात्र तोच पत्ता छापलेला राहतो. माहिती विचारणाऱ्यांचे मेल परत जातात आणि वर्षानुवर्षांच्या कामाचा धागा तुटतो. संस्थांनी किमान वर्षभर मेल नव्या पत्त्यावर वळवण्याची सोय द्यायलाच हवी. संशोधकांनीही संस्था बदलली तरी कायम राहणारा १६ अंकी 'ऑर्किड' क्रमांक पहिल्याच निबंधापासून जोडावा.