निकालानंतरचे काम

१७ ऑक्टोबर २०२३ रोजी दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधील आमच्या कारखान्यात दुपारच्या जेवणाची सुट्टी झाली होती. पुण्यात शिकणाऱ्या मुलीचा फोन आला. समलिंगी जोडप्यांना विवाहाचा अधिकार मिळावा म्हणून ती कित्येक महिने स्वयंसेवक म्हणून राबत होती. न्यायालयातील युक्तिवाद सोप्या मराठीत लिहून काढणे, गोंधळलेल्या आईवडिलांशी बोलणे, हे तिचे काम. ती एवढेच म्हणाली, "पप्पा, आपण हरलो."

"आपण" हा शब्द मला टोचला. कारण "आपल्या समाजाचे प्रश्न काय कमी आहेत, की तू हे घेऊन बसलीस?" असे मीच तिला सुनावले होते. माझ्यासारखाच विचार करणारे अनेक धम्मबंधू-भगिनी असतील, म्हणून हे लिहीत आहे.

निकाल काय होता? विवाहाचा मूलभूत अधिकार संविधानात नाही, आणि १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात न्यायालय तो वाचून घेऊ शकत नाही, यावर सर्वोच्च न्यायालयाच्या पाचही न्यायमूर्तींचे एकमत झाले. अशा सहजीवनाला कायदेशीर मान्यता आणि संयुक्तपणे मूल दत्तक घेण्याचा हक्क मात्र तीन विरुद्ध दोन मतांनी नाकारला गेला. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचार याचिकाही फेटाळल्या गेल्या.

हा प्रश्न आपला नव्हे काय? कोणी कोणाशी विवाह करावा यावरील पहारा हाच जातीचा प्राण आहे, हे बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठातील निबंधात सिद्ध केले. १९३४ साली र. धों. कर्वे यांच्यावर 'समाजस्वास्थ्य' मासिकातील मजकुराबद्दल अश्लीलतेचा खटला चालला. वाचकांच्या ज्या लैंगिक शंकांना त्यांनी उत्तरे दिली होती, त्यांत समलिंगी संबंधांविषयीच्या शंकाही होत्या. मुंबई उच्च न्यायालयात कर्वे यांची बाजू मांडली ती बॅरिस्टर आंबेडकरांनी. खटला ते हरले. परंतु हा आपला प्रश्न नव्हे, असे ते म्हणाले नाहीत.

याहून मोठा पराभव हिंदू कोड बिलाचा. स्त्रीला विवाहात, घटस्फोटात व वारशात न्याय देणारे ते विधेयक वर्षानुवर्षे रखडले. सप्टेंबर १९५१ मध्ये जेमतेम चार कलमे संमत झाल्यावर ते गुंडाळले गेले आणि बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे त्याच विधेयकाचे तुकडे होऊन १९५५ व १९५६ साली कायदे झाले. त्यांतील हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे.

आपणांपैकी बहुतेकांनी विवाहाचा दाखला साक्षांकित करून घेतला, तेव्हाच पत्नीला येथे आणता आले. त्या एका कागदाची किंमत आपल्याइतकी कोणाला ठाऊक? इस्पितळात सही कोणी करायची, मृत्यूनंतर विम्याची रक्कम कोणी मागायची, हे त्याच कागदावर ठरते. वीस वर्षे एकत्र राहूनही तो कागद ज्यांना मिळत नाही, त्यांचे दुःख परके कसे?

येथे या विषयावर जाहीर चळवळ करता येत नाही, आणि या देशाचे कायदे आपण पाळलेच पाहिजेत. परंतु घरातील संवादाला कोणाची मनाई नाही. आपल्याच एखाद्या मुलाने वा मुलीने उद्या मन मोकळे केले, तर तिला किंवा त्याला दार बंद झालेले दिसू नये. सुट्टीत मायदेशी गेल्यावर विहाराच्या निधीसाठी आपण आमदार-खासदारांना भेटतोच. त्याच भेटीत हाही प्रश्न विचारावा, कारण कायदा करणे संसदेचे काम आहे, असे न्यायालयाने सांगितले आहे.

त्या दिवशी मुलीला काय सांगावे, हे मला सुचले नाही. रात्री पुन्हा फोन केला आणि विचारले, "आता पुढचे काम काय?" ती म्हणाली, "उद्या एका आईला भेटायचे आहे. ती अजून मुलाशी बोलत नाही."

निकालाने ते काम थांबवले नव्हते.

जय भीम.