पंखा घेताना चांदण्या मोजा

मैत्रिणींनो, हवेचं प्रदूषण म्हणजे काय हे आम्हा चंद्रपूरच्या बायकांना कुणी समजावून सांगावं लागत नाही. सकाळी पुसलेल्या खिडकीवरून संध्याकाळी बोट फिरवलं की काळं होतं. उन्हाळ्यात कुरडया-पापडांच्या वाळवणावर जुनी साडी पसरावीच लागते. पांढरे कपडे गच्चीवर वाळत घालायचे की घरात, हा रोजचाच प्रश्न. आजूबाजूला कोळशाच्या खाणी आणि शहराला लागून २९२० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली अतिप्रदूषित औद्योगिक भागांची यादी काढली, त्यात आमच्या गावाचं नाव होतंच.

आता हीच बाई पंखा घ्यायला दुकानात जाते तेव्हा काय विचारते? रंग कोणते आहेत, वारा जोरात लागतो ना, आणि शेवटचं, कमी काय कराल! खिडकीवरची धूळ आणि छताचा पंखा यांचा काही संबंध असेल असं कुणाच्या मनातही येत नाही. मला मात्र वाटतं, हे दोन्ही एकाच तारेने जोडलेले आहेत.

प्रदूषणामुळे आपली खरेदी बदलत नाही असं नाही. बदलते, पण भलत्याच दिशेने. धूळ येते म्हणून आपण खिडक्या लावून घेतो. बंद खोलीत कूलर नुसता दमटपणा वाढवतो, त्याला मोकळी हवा लागते. मग घरात चर्चा सुरू होते, ‘एसीच घेऊन टाकू या.’ दीड टनाचा एसी जोरात चालला की तासाला साधारण दीड युनिट खातो. ती वीज येते कुठून? बहुतांशी कोळशातून. म्हणजे धुरापासून वाचायला जे घरात आणलं, त्यासाठीच पुन्हा धूर!

जरा हिशेब करू या, आपण बायका हिशेबात पक्क्या असतो. एक युनिट वीज तयार व्हायला आपल्याकडे साधारण ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा जळतो, आणि त्यातला तिसरा हिस्सा तरी राख असते. साधा पंखा ७०-७५ वॅटचा. हल्ली बीएलडीसी मोटरचे पंखे मिळतात, ते ३०-३५ वॅटवर चालतात. रोज १५ तास, वर्षाचे आठ महिने धरले तर एका पंख्यामागे सुमारे १४४ युनिट वाचतात. म्हणजे जवळपास ९० किलो कोळसा. आठ रुपये युनिट धरलं तर अकराशेच्या वर रुपये. पंखा हजार-दीड हजारांनी महाग पडला तरी वर्ष-दीड वर्षात पैसे वसूल. शिवाय बिलात १०० युनिटनंतर दर चढतो, ३०० नंतर आणखी चढतो. वाचतात ते वरचे, महागडे युनिट.

हे ओळखायचं कसं? चांदण्या मोजून! स्टार लेबलची ही पद्धत २००६ साली सुरू झाली, आणि जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवरही ते लेबल सक्तीचं आहे. फ्रिज-एसीच्या लेबलवर वर्षाला किती युनिट लागतील तो आकडाही असतो. तो वाचा आणि लेबल कोणत्या सालचं आहे तेही बघा. निकष अधूनमधून कडक होतात, त्यामुळे जुना फाईव्ह स्टार आजच्या फाईव्ह स्टारच्या तोडीचा असेलच असं नाही.

घरात लगेच आवाज येतो, ‘पंख्याला कशाला एवढे पैसे?’ त्यांना वर्षाची बिलं काढून दाखवा. आणि सगळे पंखे एकदम बदलायची गरज नाही. जो सगळ्यात जास्त फिरतो, तो आधी बदला.

शेजारच्या काकू म्हणतात, ‘बाई, माझ्या एका पंख्याने त्या चिमणीचा धूर थांबणार आहे का?’ नाही थांबणार, काकू. चिमणी स्वच्छ ठेवणं ही वीज केंद्राची आणि सरकारची जबाबदारी आहे. ती पंखा घेणाऱ्या बाईच्या गळ्यात मारून कुणी मोकळं होऊ नये. २०१५ साली केंद्राने या धुरासाठी कडक नियम केले, मग मुदती वाढतच गेल्या, आणि २०२५ साली गंधकाच्या धुराच्या नियमातून देशातल्या बऱ्याच केंद्रांना सूट मिळाली. मत मागायला दारात येणाऱ्याला याचा जाब विचारलाच पाहिजे. पण जाब विचारणं आणि पंखा बदलणं यात निवड कशाला करायची? दोन्ही करू या.

आणि हे फक्त चंद्रपूरकरणींसाठी नाही बरं का. इथली वीज राज्यभर जाते. तुम्ही वाईत असा की वैजापुरात, बटण तुमच्याकडे दाबलं जातं आणि राख आमच्याकडे पडते. तेव्हा पुढच्या वेळी दुकानदार रंगांची पुस्तिका पुढे करील तेव्हा त्याला आधी विचारा, ‘भाऊ, याला वॅट किती लागतात?’